टाकी फुल, काटा पाऊणवर. आणि पावच्या खाली उतरायला तयार नाही

खाडीपलीकडचा (गुहागर)

नमस्कार मंडळी. १५० सीसीची कार्ब्युरेटरवाली गाडी आहे, २०१२ चं मॉडेल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की कुठली गाडी भारी यावरच दोन पानं भरतात.

दुखणं असं आहे. टाकी काठोकाठ भरली तरी पेट्रोलचा काटा पाऊणच्या वर जात नाही. तिथून अर्ध्यापर्यंत व्यवस्थित उतरतो, मग पावपाशी येऊन बसतो तो बसतोच. परवा रत्नागिरीला निघालो होतो, तवसाळच्या जेटीवर फेरीबोट धरायची होती. नरवण सोडलं आणि गाडीने दोन आचके देऊन मान टाकली. काटा पाववर! पेट्रोलचा कॉक फिरवायला हात घातला तर तो आधीच रिझर्व्हवर. आदल्या दिवशी भाच्याने गाडी नेली होती, त्याची कृपा. बोट अर्थातच गेली.

आणखी एक गंमत. रात्री इंडिकेटर लावला की त्याच्या टकटकीबरोबर काटाही थरथरतो.

मेकॅनिक म्हणतो, फ्लोट (टाकीत पेट्रोलवर तरंगणारा तुकडा) गेला, टाकी उतरवून नवा टाकू. पण मागे त्याच्या हाताखालच्या पोराने हीच टाकी काढून सरळ जांभ्याच्या चिऱ्यावर ठेवली होती. खालचा रंग खरवडला, तिथे आता गंज धरलाय. म्हणून या वेळी घरीच उतरवायची म्हणतो. पान्यांचा सेट आहे, मल्टिमीटर आहे, धीर जरा कमी आहे. आधी काय तपासू, आणि टाकी उचलताना काय सांभाळू?

चिवला_वारा (मालवण)

आधी कपलर (टाकीतल्या वायरी जोडतत तो प्लग) बघ मरे. आमच्याकडे पावसाळो सरलो की निम्म्या गाड्यांचे काटे असेच येडे होतत. कपलर हिरवो झालेलो असलो तर नवो फ्लोट घातलस तरी तो पण तसोच दाखयतलो.

बंदरवाला वायरमन (हर्णै)

मालवणकरांचं बरोबर आहे, पण अर्धंच. मी बंदरात बोटींचं वायरिंग करतो. मोटारसायकली शेजाऱ्यांच्या, म्हणजे फुकट. तुमच्या गाडीला एक नाही, तीन वेगळी दुखणी आहेत. नवा फ्लोट टाकून त्यातलं एकच जाईल आणि तुम्ही मेकॅनिकला शिव्या घालाल.

काटा कशावर चालतो ते आधी बघू. मीटरमधून करंट टाकीतल्या सेन्सरला येतो आणि सेन्सरमधून अर्थला जातो. सेन्सर म्हणजे एका पट्टीवर घासत फिरणारी बारीक जीभ, ती फ्लोटच्या दांडीला जोडलेली असते. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत टाकी भरलेली असताना सेन्सर ५ ते १० ओहम (म्हणजे करंटला होणारा अडथळा) दाखवतो आणि रिकामी असताना १०० च्या आसपास. काहींत हे उलटं असतं, तेव्हा तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर आकडे त्यातलेच धरा. मी पुढे जे लिहितोय ते ‘ओहम वाढले की काटा खाली’ असं धरून.

आता समजा कपलरच्या पिनांवर हिरवा गंज चढला आणि त्याचे १५-२० ओहम वाढले. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की जसा हिरवा थर धरतो तसाच तो असतो, फक्त इथे ताकाचं काम खारा वारा करतो. रिकाम्या टाकीला १०० चे १२० झाले तर काट्याला फारसा फरक पडत नाही. पण भरलेल्या टाकीला ७ चे २५ झाले की काटा F पर्यंत पोचूच शकत नाही. म्हणजे वरचंच टोक खोटं निघालं तर पहिला संशय जोडावर घ्यायचा, फ्लोटवर नाही.

इंडिकेटरबरोबर थरथरणं हे अर्थिंगचं काम. टाकी रबरांवर बसलेली असते, चासीला तिचा धड स्पर्श नसतो, म्हणून सेन्सरची अर्थिंग वायरीनेच जाते आणि पुढे इंडिकेटरच्या अर्थिंगला मिळते. तो जोड कच्चा झाला की पुढचा-मागचा असे १० वॅटचे दोन बल्ब पेटताना त्यातून दीड-पावणेदोन अँपिअर जातो, जोडावर थोडा व्होल्टेज चढतो आणि काटा नाचतो. हेडलाइटच्या मागे जिथे सगळ्या वायरी एकत्र येतात तिथे शोधा. अर्थिंगचा बोल्ट चासीला लागतो तिथला रंग आणि गंज खरवडून चकचकीत करा.

पाववर बसणं मात्र टाकीच्या आतलं आहे. दांडीचा सांधा गंजाने किंवा चिकट राळीने अडकलेला असणार. यासाठी टाकी उचलावीच लागेल, सुटका नाही.

पण उचलण्याआधी एक तपासणी करा. सीट काढली की बहुतेक गाड्यांत टाकीच्या मागच्या कडेखाली सेन्सरचा कपलर हाताला लागतो. गाडी मेन स्टँडवर घ्या, साइड स्टँडवर पेट्रोल एका अंगाला जातं आणि काटा तसाही खोटा बोलतो. कपलर सोडा, चावी ऑन करा. काटा E वर पडला पाहिजे. मग वायरिंगच्या बाजूच्या दोन पिनांमध्ये १० ओहम, १ वॅटचा रेझिस्टर लावा. नुसत्या तारेने बराच वेळ शॉर्ट करून ठेवू नका, मीटरची कॉइल जाते. काट्याला अर्धा मिनिट द्या. हे काटे मुद्दामच सुस्त केलेले असतात, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला उडाले असते. काटा F जवळ गेला की मीटर आणि वायरिंग ठीक, दोष कपलरच्या पिनांत किंवा टाकीत. नाही गेला तर टाकी उचलून काही मिळणार नाही, आधी वायरिंग. कपलरला तीन वायरी असतील तर तिसरी बहुधा रिझर्व्हच्या दिव्याची असते, तिला हात लावू नका.

आता टाकी. पेट्रोल साधारण लिटरला पाऊण किलो भरतं. दहा लिटर म्हणजे साडेसात किलो, वर टाकीचं वजन, आणि आत ते हिंदकळतं. म्हणून आधी कॉकच्या पाइपातून सगळं कॅनमध्ये काढून घ्या. हे काम मागच्या पडवीत करू नका, तिथे चूल असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरपटत जाते आणि विस्तव तुमच्यापासून लांब असला तरी त्याच्यापर्यंत पोचते. अंगणात, उजेडी, बॅटरीची निगेटिव्ह काढून.

साइड पॅनेल, सीट, मग टाकीचा मागचा बोल्ट. त्याच्या रबरात एक लोखंडी नळी असते, ती हमखास पडते आणि इंजिनावर कुठेतरी जाऊन लपते. बोल्ट काढताना खाली हात धरा. ती न घालता बोल्ट आवळला तर रबर चेपतं आणि टाकीचा कान तडकतो. पेट्रोलच्या पाइपची क्लिप पक्कडीने मागे सारा, पाइप ओढू नका, आधी गोल फिरवून सैल करा.

इथे घाई करणारे फसतात. टाकी सरळ वर ओढायची नाही. मागून चार बोटं उचला, एखाद्याला धरायला सांगा आणि टॉर्च मारून खाली बघा. तिथे सेन्सरची वायर असते, आणि एक बारीक रबरी नळी असते जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. झाकणाभोवतीच्या खळग्यात पडलेलं पावसाचं पाणी त्या नळीतून खाली जातं. ती निसटली किंवा मातीने तुंबली की पाणी झाकणाच्या रबराशी साचून राहतं आणि हळूहळू टाकीत उतरतं. आपल्याकडचा पाऊस बघता तुमच्या टाकीतल्या गंजाचं मूळ तिथेच असायची शक्यता बरीच आहे. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी वेगळे होतात आणि पत्रा खायला लागतात. नळीत सायकलच्या पंपाने हवा मारून बघा.

दोन्ही सुटलं की टाकी मागे ओढा, पुढच्या रबरांतून ती निघते. जुन्या टायरवर गोधडी घालून त्यावर पालथी ठेवा. चिऱ्यावर नको, ते तुम्हाला सांगायला नकोच.

सेन्सर कुठल्या दिशेला तोंड करून बसलाय त्याची खडूने खूण करा. नट सोडले की सेन्सर तिरका करून फ्लोट बाहेर घ्या, सरळ ओढलात तर दांडी वाकते. मल्टिमीटर २०० ओहमवर लावून दांडी अगदी सावकाश खालून वर न्या. आकडा एकसारखा सरकला पाहिजे. मध्येच डाव्या कडेला नुसता १ किंवा OL दिसला तर तिथे पट्टी झिजलेली आहे. फ्लोट कानाशी हलवा, आत खळखळलं तर भोक पडलंय. भोक डाग देऊन बुजवायच्या भानगडीत पडू नका, आत पेट्रोलची वाफ असते. दांडी हाताने वाकवून काटा जुळवणारे महाभाग आहेत. ओहम चुकत असताना दांडी वाकवली तर एका टोकाला जुळतं आणि दुसऱ्या टोकाला फसतं.

सेन्सरखालचं रबर नवं घ्या. साधं सिलिकॉन फासू नका, पेट्रोलने ते फुगतं आणि गळती सुरू होते.

घाटवळण (चिपळूण)

मस्त लिहिलंय. माझी २०२१ ची बीएस-६ आहे, काट्याऐवजी डिजिटल मीटरवर दांड्या दिसतात, पण रडगाणं हेच. हीच पद्धत चालेल का?

बंदरवाला वायरमन (हर्णै)

नाही. तुमच्या टाकीत पेट्रोलचा पंप आहे आणि पाइपात ३ बारच्या आसपास दाब, तो चावी बंद केल्यावरही राहतो. पाइप तसाच काढला तर पेट्रोल तोंडावर उडेल. आधी पंपाचा कपलर काढा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग पाइप. पाइपचा जोड दाबायच्या कुलपाचा असतो, ओढाताण केली की तुटतो. लेव्हलचा सेन्सर बहुधा पंपाच्या सांगाड्यालाच असतो. आणि दांड्यावाल्या मीटरला माझा रेझिस्टरचा प्रयोग करू नका, त्याचं गणित कंपनीगणिक वेगळं. वॉरंटी बाकी असेल तर टाकीला हातच लावू नका.

खाडीपलीकडचा (गुहागर)

रविवारी बसलो. रेझिस्टर लावल्यावर काटा आरामात F ला टेकला, म्हणजे मीटर शाबूत. कपलरच्या दोन्ही पिना हिरव्यागार. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जुन्या टूथब्रशने घासल्या. हेडलाइटमागचा अर्थिंगचा बोल्ट अर्ध्या आट्यावर आला होता, काढून घासून आवळला. इंडिकेटरचा नाच बंद.

मग टाकी. लोखंडी नळी पडलीच, पण हात खाली होता. पाण्याची नळी तर मातीने ठार बंद, त्यात कुंभारीण माशीने घर केलं होतं. टाकीच्या तळाशी तांबूस चिखल. दांडी पावच्या जागी अडकत होती, सांध्यात गंज. पेट्रोलने धुऊन हलवल्यावर मोकळी झाली, पण मल्टिमीटरवर ४० च्या पुढे आकडा एकदम गायब होतो आणि ६० ला परत येतो. ही पट्टी घासून चालेल का?

बंदरवाला वायरमन (हर्णै)

नाही चालणार. ती घासली की आणखी पातळ होते, दोन महिन्यांत परत याल. सेन्सर बदला. पिनांना बॅटरीच्या टर्मिनलला लावतात तो ग्रीस अगदी पुसट लावा. टाकी बसवताना पुढच्या रबरांना साबणाचं पाणी लावा, दणके द्यावे लागत नाहीत. आणि तो चिखल धुतल्याशिवाय कार्ब्युरेटरला पेट्रोल सोडू नका, त्यातलं जेट (पेट्रोलचं बारीक भोक) तुंबेल.

चिवला_वारा (मालवण)

नवो सेन्सर बशवलस की एकेक लिटर घालून काटो खय येता ता लिहून ठेव. मगे पंपावर भांडूक पण बरा पडता.

खाडीपलीकडचा (गुहागर)

सेन्सर आणि रबर रत्नागिरीहून सांगितलंय. टाकी धुऊन उन्हात वाळत घातली आहे. मंडळ आभारी आहे. नळीत हवा मारताना कुंभारणीची माती जी उडाली ती सगळी बायकोच्या वाळवणावर गेली, तो विषय वेगळ्या धाग्यात.