दुपारी अडीचची मालिका खालच्या पायरीवर का?

कोरांटी

मार्च २०२४ मध्ये स्टार प्रवाहने 'आई कुठे काय करते' संध्याकाळी साडेसातवरून उचलून दुपारी अडीचला नेली. साडेसातला 'घरोघरी मातीच्या चुली' सुरू झाली. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीत आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर मी मालिकेच्या नायिकेबद्दल एकच वाक्य ऐकत होते, "अरुंधतीला दुपारी टाकलं." हा 'टाकलं' शब्द मला तेव्हाही खटकला आणि अजून सलतो. आपण वस्तू माळ्यावर टाकतो, वळचणीला टाकतो. नोव्हेंबरअखेर मालिका संपली तेव्हाही लोक म्हणाले, ती तर दुपारी गेली तेव्हाच संपली होती.

माझ्या आईचं सांगते. साडेसातची ही मालिका तिने सव्वाचार वर्षं स्वयंपाकघराच्या दारातून बघितली. एक डोळा तव्यावर, एक डोळा टीव्हीवर. पोळी उलटायला वळली की महत्त्वाचं वाक्य निसटायचं, मग ती आतून ओरडून विचारायची, "काय म्हणाली गं?" आठ वाजता रिमोट बाबांच्या हातात. तीच मालिका अडीचला आली तेव्हा ओटा आवरून झालेला असायचा, बाबा झोपलेले असायचे, आणि आई पहिल्यांदा समोर बसून, पाय वर घेऊन, पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत एपिसोड बघायला लागली. तिच्यासाठी ती मालिका दुपारीच खऱ्या अर्थाने सुरू झाली.

रात्री आठला टीव्ही चालूच असतो, दुपारी तो कुणीतरी मुद्दाम लावतं. हा फरक कुणीच जमेस का धरत नाही? आणि रोजच्या मालिकेचा पाया या देशात दुपारीच घातला गेला. १९९४ ची 'शांती', पाठोपाठ 'स्वाभिमान', दोन्ही दूरदर्शनवर दुपारी. मराठीत रोजच्या मालिकेची सवय लावली ती सह्याद्रीवरच्या 'दामिनी'ने, तीही दुपारीच. २००० साली 'क्योंकि सास भी कभी बहू थी' रात्री साडेदहाला आली आणि सगळं वजन रात्रीकडे सरकलं. ज्या वेळेने हा प्रकार घराघरांत रुजवला, तिलाच आता आपण अडगळ म्हणतो. मला हे अन्यायाचं वाटतं. तुमचं मत लिहा.

आकडेमोड

कोरांटीताई, तुमच्या आईंबद्दल लिहिलेलं मनाला भिडलं, पण मुद्दा मला मान्य नाही. जाहिरातींची वेळ विकत घेण्याच्या कामात मी ११ वर्षं काढली आहेत. 'टाकलं' हा शब्द कठोर असेल, चुकीचा नाही.

रेटिंग कसं निघतं ते आधी बघा. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेची मीटरं देशभरात ५० हजारांहून जास्त घरांत बसवलेली आहेत. चॅनेलच्या आवाजात कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतं. घरातल्या प्रत्येकाला स्वतःचं बटण असतं, टीव्हीसमोर बसलं की ते दाबायचं. रात्री साडेआठला एका घरात चार बटणं दाबली जातात, दुपारी एक. ते एक माणूस किती मन लावून बघतंय हे मीटरला कळत नाही आणि जाहिरातदाराला त्याचे पैसे देता येत नाहीत. गाडी, रंग, विमा, मोबाइल ज्यांना विकायचाय त्यांना नवरा-बायको दोघं एकत्र बसलेले हवे असतात. दुपारी उरतात मसाले, साबण, बाम. म्हणून दहा सेकंदांच्या जाहिरातीचा दर पडतो. दर पडला की मालिकेचं बजेट पडतं, आणि ते पडद्यावर दिसतं.

दुसरं असं की दुपारी रात्रीच्याच मालिकेचं रिपीट दाखवलं तर चॅनेलचा खर्च जवळजवळ शून्य. त्याऐवजी नवीन मालिका बनवायची तर रोजचा सेट, कलाकार, लेखक, सगळंच आलं. स्टार प्लसने २०१७ मध्ये दुपारचा वेगळा पट्टा उभा केला होता, तो काही महिन्यांत गुंडाळला. झी मराठीने २०२३ मध्ये 'यशोदा' आणि 'लवंगी मिरची' दुपारी आणल्या, दोन्ही वर्षभरही टिकल्या नाहीत. यात बाईमाणसाला कमी लेखण्याचा हेतू नाही, हिशेब आहे.

कोरांटी

हिशेब आहे हे मान्य. पण उदाहरणं अर्धीच दिलीत. स्टार प्लसचीच 'कुमकुम' २००२ पासून २००९ पर्यंत दुपारी चालली. स्टार प्रवाहची 'मुरांबा' २०२२ च्या फेब्रुवारीत थेट दुपारी दीडला सुरू झाली आणि तीन वर्षांहून जास्त चालली. तिचा नायक शशांक केतकर, म्हणजे 'होणार सून मी ह्या घरची'मुळे घराघरांत पोचलेला, रात्रीचा चेहरा. २०२३ मध्ये 'शुभविवाह' दुपारी दोनला आली, तीही जमली. रात्रीच्या किती मालिका तीन वर्षं टिकतात ते एकदा मोजून बघा.

सोलापूरची_लेक

दुपारी टीव्ही बघणारी म्हणजे जेवून निवांत बसलेली बाई, असं धरून सगळे बोलताय. आमच्याकडचं सांगते.

माझी आई आणि दोन्ही मावश्या विड्या वळतात. कारखान्यातून पानं, तंबाखू आणि दोरा घरी आणायचा, पानं भिजवायची, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, मग सूप मांडीवर घेऊन वळत बसायचं. मजुरी हजार विड्यांवर. हात थांबला की पैसे थांबले. आमच्या वस्तीत दुपारी एकपासून चारपर्यंत ज्या घरात टीव्ही मोठा आहे तिथे सात-आठ जणी आपापली सुपं घेऊन जमतात. बोटं आपोआप चालतात, त्यांना बघावं लागत नाही. नजर वर-खाली, कान मालिकेत. जाहिरात लागली की पानांचा गठ्ठा उचलायला उठायचं.

आकडेमोड दादा, त्या घरात मीटर असतं तरी बटण कितीजणींचं दाबलं गेलं असतं? एका टीव्हीसमोर आठ कामकरी बायका, आठ संसारांचा किराणा त्याच ठरवतात. रात्री त्यातल्या निम्म्या जणी बसल्या जागी पेंगतात, कारण पहाटे पाणी येतं. रात्रीची मालिका त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी रिपीटला कळते. म्हणजे आमच्या गल्लीत प्राइम टाइम दुपारीच असतो.

तिसरी_घंटा

मी दोन्ही बाजूंच्या विरोधात आहे. तुम्ही बघणाऱ्या बाईचं कौतुक करताय, मालिकेचं नाही. बघणारी कष्टाळू आहे म्हणून मालिका चांगली ठरत नाही. मी नाटकाच्या लेखनात रमणारा माणूस आहे आणि दुपारच्या मालिका बघून मला राग येतो. एकच गोष्ट तीन पात्रं तीनदा सांगतात. कुणी दारात आलं की चौघांचे चेहरे आळीपाळीने. काल काय झालं ते आज पुन्हा, उद्या पुन्हा. ज्या प्रेक्षकावर तुमचं एवढं प्रेम आहे त्याला तुम्ही हे का वाढताय? दुपारला मान हवा असेल तर आधी दुपारसाठी चांगलं लिहा. वेळेचा वाद दुय्यम आहे, आणि रात्रीचं लेखनही फार वेगळं नाही.

सोलापूरची_लेक

चेहरे आळीपाळीने दाखवतात त्याचा मलाही कंटाळा येतो. पण 'तीनदा सांगतात' यावर माझं ऐका. आमच्याकडे मालिका अर्धी कानानेच बघतात. पात्राने पात्राला नावाने हाक मारली नाही तर पान कापणाऱ्या बाईला कोण बोलतंय ते कळत नाही. कालचं आज पुन्हा सांगितलं नाही तर काल कारखान्यात विड्या द्यायला गेलेलीचा धागा तुटतो. नाटकाला आलेला माणूस अंधारात हात मोकळे ठेवून बसतो. इथे हात मोकळे नाहीत. त्या हातांसाठी लिहिणं ही वेगळी कारागिरी आहे. ती आज वाईट केली जाते हे मी मान्य करते, पण म्हणून ती कारागिरीच नाही असं म्हणू नका.

एडिसनवासी

न्यू जर्सीत २६ वर्षं झाली. वरचा मुद्दा वाचून लिहावंसं वाटलं, कारण या प्रकाराचा जन्मच तसा झाला. अमेरिकेत १९३० च्या दशकात रेडिओवर दुपारच्या मालिका सुरू झाल्या, घरकाम करता करता ऐकायच्या. साबणाच्या कंपन्या पैसे घालायच्या, म्हणून अशा मालिकांना 'सोप' म्हणतात. इर्ना फिलिप्स या बाईंनी उभी केलेली 'गायडिंग लाइट' १९३७ ला रेडिओवर आली, १९५२ ला टीव्हीवर गेली आणि २००९ ला बंद झाली. ७२ वर्षं. रात्रीच्या कुठल्या मालिकेला एवढं आयुष्य मिळालंय?

इथेही दुपारला खालचा दर्जा होताच. १९७४ पासून दुपारच्या कार्यक्रमांची एमी ही टीव्हीची पारितोषिकंसुद्धा वेगळी. पण एक काळ असा होता की दुपारच्या स्वस्त मालिकांच्या नफ्यातून रात्रीच्या महागड्या कार्यक्रमांचा खर्च भागायचा. नोव्हेंबर १९८१ मध्ये 'जनरल हॉस्पिटल' या मालिकेतलं ल्यूक आणि लॉराचं लग्न जवळपास ३ कोटी लोकांनी बघितलं, भर दुपारी. त्याच्या वर्षभर आधी 'डॅलस' या मालिकेच्या एका भागाला ८ कोटींहून जास्त प्रेक्षक मिळाले होते, रात्री. 'डॅलस'ने घाट दुपारचाच उचलला होता, वर पैसा ओतला. म्हणजे नक्कल रात्रीने केली.

आणि आता जे सांगतो ते कोरांटीताईंना आवडणार नाही. इथली दुपार मोडली. बायका नोकरीला लागल्या हे खरं कारण, केबल हे दुसरं. पण १९९५ मध्ये ओ. जे. सिम्पसन या माजी फुटबॉलपटूवरचा खुनाचा खटला महिनोन्‌महिने दिवसा थेट दाखवला गेला, मालिका रद्द होत राहिल्या आणि बऱ्याच जणी परत आल्याच नाहीत. रोजची सवय अशी तुटते. २०२२ मध्ये 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' ही मालिका ५७ वर्षांनी एनबीसी वाहिनीवरून उठून ॲपवर गेली. आमच्या शेजारच्या इटालियन आजींना ते ॲप लावून द्यायला मीच गेलो होतो. त्या दर दुपारी एकला बसायच्या. आता म्हणतात, केव्हाही बघता येतं म्हणून केव्हाच बघितलं जात नाही. मात्र २०२५ मध्ये सीबीएस वाहिनीने 'बियाँड द गेट्स' ही नवी कोरी दुपारची मालिका आणली, १९९९ नंतर पहिल्यांदाच मोठ्या नेटवर्कवर. म्हणजे दुपार पुरती मेलेली नाही.

रेवदंड्याची_वाट

एक प्रश्न. मी रोज सव्वासहाच्या लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर मालिका बघते. ती दुपारची का रात्रीची, मला ठाऊकसुद्धा नसतं. मग हा वाद कुणासाठी?

कोरांटी

तुमच्यासाठी नसेल, पण माझ्या आईसाठी आहे. तिच्या फोनवर ॲप आहे, तिला ते वापरताही येतं, ती वापरत नाही. अडीच वाजता सुरू होणारी गोष्ट आणि आपण हवी तेव्हा सुरू करायची गोष्ट यात तिला फरक वाटतो. अडीचला सुरू होते म्हणून सव्वादोनला काम आवरतं. घरातल्या बाईला 'आता मी बसणार' म्हणायला कारण लागतं. ती मालिका तिला ते कारण देते. ॲप देत नाही, कारण ॲप थांबवता येतं आणि मग कुणीही म्हणतं, थांबव जरा, चहा टाक.

आकडेमोड

हे शेवटचं मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या कुठल्याच पाहणीत हा प्रश्न नसायचा. सोलापूरच्या ताईंचा मुद्दाही बरोबर आहे, पाहुणे म्हणून बसलेल्यांची नोंद मीटरवर करता येते, पण आठ जणींची रोज कोण करणार? तरी माझं मत तेच आहे. चॅनेल धर्मादाय चालत नाही. आज दुपारचा दर वाढवायचा तर कुणीतरी जाहिरातदाराला पटवावं लागेल की आठ बायका एका टीव्हीसमोर बसतात आणि खरेदी त्या ठरवतात. नुसता मान मागून दर वाढत नाही.

तिसरी_घंटा

आणि मी लेखनावरचा आग्रह सोडत नाही. कानाने ऐकायची मालिका म्हणता ना, मग संवाद तसे लिहा. आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकून मी वाढलो. त्यात एकही चेहरा दिसत नव्हता आणि कालचं तीनदा सांगावं लागत नव्हतं. सोलापूरच्या ताईंनी जी कारागिरी सांगितली ती या भाषेत होऊन गेली आहे. ती दुपारच्या मालिकेत आणा, मी स्वतः अडीचला समोर बसेन.

सोलापूरची_लेक

श्रुतिकांचं पटलं. आईला विचारलं आत्ता. म्हणाली, रेडिओ होता तेव्हा दिवसाला शंभर विड्या जास्त व्हायच्या, मान वर करावी लागत नव्हती.

कोरांटी

तिसरी_घंटा, तुमची अट मला मंजूर आहे. आकडेमोड, तुमची नाही. माझी आई साबण घेते म्हणून तिची दुपार मोलाची, एवढंच कारण मला पुरत नाही.

अजून एक. 'दामिनी' २०२५ मध्ये सह्याद्रीवर नव्याने परतली, पण संध्याकाळी. मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "संध्याकाळी? मग दारातूनच बघावी लागेल."