वाड्याच्या चौकटीशेजारच्या पाटीवर काळ कुठला लिहायचा? (बेळगावच्या शहापूर पेठेतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

सेक्रेटरी, ए-१०१:
नमस्कार मंडळी. वाडा पाडताना जपून ठेवलेली सागवानी चौकट आता गेटच्या आत उभी राहिली आहे. तिच्या शेजारी ग्रॅनाइटची पाटी लावायची, हे मीटिंगला ठरलंय. कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही भाषांत. इंग्रजी ओळ अशी केलीय: "व्हिक्टोरियन डोअरवे ऑफ अ शहापूर वाडा". कोरणाऱ्याला शुक्रवारी मजकूर द्यायचाय. काही सुचवायचं असेल तर आजच सांगा.

अण्णा, बी-२०२:
झकास. भारदस्त वाटतंय.

वैष्णवी, बी-३०१:
काका, एक विचारू? व्हिक्टोरियन म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या वेळचं ना? ती १९०१ मध्ये वारली. चौकटीवर शके १८३४ आहे. त्यात ७८ मिळवले तर १९१२ येतं.

काकू, ए-२०३:
शाब्बास पोरी. शके काढायला शिकवलं कुणी?

वैष्णवी, बी-३०१:
सरांनी.

सेक्रेटरी, ए-१०१:
मग एडवर्डियन लिहूया का? तिच्यानंतर एडवर्डच आला की.

सर, सी-१०२:
तोही बसत नाही. सातवा एडवर्ड १९०१ ते १९१०. वैशाख १८३४ म्हणजे १९१२ चा एप्रिल-मे, तेव्हा गादीवर पाचवा जॉर्ज. आणि त्याच्या नावानं जॉर्जियन म्हणावं, तर इंग्रजीत ते विशेषण आधीच दिलेलं आहे. १७१४ ते १८३० या काळात ओळीनं चार जॉर्ज झाले, त्यांच्या काळाला जॉर्जियन म्हणतात. पाचव्या जॉर्जच्या वाट्याला तसं रुळलेलं विशेषण आलं नाही.

अण्णा, बी-२०२:
सर, राजाचं नाव नकोच मग. सरळ ब्रिटिशकालीन लिहा. गाडीवाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांना कळतंय.

सर, सी-१०२:
अण्णा, इथं मी जरा लांबण लावणार आहे, कारण ही गोष्ट आपल्या पेठेची आहे.

इंग्रजीत काळाला विशेषण लावायची एक ठरलेली रीत आहे. राजाचं नाव घ्यायचं, त्याला शेपूट जोडायचं. एलिझाबेथ पहिली (१५५८ ते १६०३), तिचा काळ एलिझाबेथन. तिच्यानंतरचा जेम्स पहिला, त्याचा काळ मात्र जेम्सियन नाही, जॅकोबियन, कारण जेम्सचं लॅटिन रूप जॅकोबस. चार्ल्सचा कॅरोलाइन. १८११ ते १८२० राजा आजारी होता आणि युवराज कारभार बघायचा, म्हणून रीजन्सी. आपणही तेच करतो, शिवकालीन, पेशवेकालीन, आदिलशाही म्हणतो. त्यात वावगं काही नाही. पण असं विशेषण लावलं की गादी कुठली, हे त्यात आपोआप येतं. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा. इंग्लंडच्या इतिहासात त्या वर्षांना रिस्टोरेशन म्हणतात, कारण १६६० ला दुसरा चार्ल्स परत गादीवर बसला. रायगडाच्या सोहळ्याला कुणी रिस्टोरेशन काळातला म्हणेल का? चन्नम्मा राणीनं कित्तूरला ऑक्टोबर १८२४ मध्ये कंपनीची फौज हरवली, कलेक्टर थॅकरे त्यात पडला. वर्षांच्या हिशेबानं तो लढा जॉर्जियन ठरतो. हा शब्द मी कित्तूरच्या किल्ल्यात उभा राहून उच्चारणार नाही.

आता आपली चौकट. बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये कंपनीच्या थॉमस मन्रोनं घेतला. तिथून पुढं कॅम्पातलं, किल्ल्यातलं जे बांधकाम आहे त्याला ब्रिटिशकालीन म्हणा, कलोनियल म्हणा, माझी हरकत नाही. शहापूर ब्रिटिश मुलखात नव्हतं. ही पेठ सांगली संस्थानची. १९१२ साली इथला राजा लंडनचा जॉर्ज नव्हता, सांगलीचे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन होते. संस्थानावर इंग्रजांचं वर्चस्व होतं हे खरं, पण सारा, कोर्ट, म्युनिसिपालिटी सगळं सांगलीचं. ते १९४८ ला विलीन होईपर्यंत.

म्हणून ब्रिटिशकालीन हा शब्द बेळगावात खरा आणि शहापुरात निम्मा खोटा आहे. दगडावर कोरायचं तर निम्मं खोटं नको.

काकू, ए-२०३:
माझे सासरे "आम्ही संस्थानातले" असंच म्हणायचे. बेळगावला जायचं म्हटलं की "इंग्रजी हद्दीत जाऊन येतो". आता चालत वीस मिनिटं.

महांतेश, सी-३०१:
सर, आमच्याकडे पण वयस्कर लोक तेच बोलतात. कन्नड ओळ मी करून देतो. "संस्थानद कालद बागिलु" असं लिहिलं की शहापूरच्या कुठल्याही अज्जाला कळेल. ब्रिटिश घालायची गरज नाही.

सेक्रेटरी, ए-१०१:
मराठीत मग "संस्थानकालीन चौकट". मान्य. इंग्रजीचं काय करायचं? नुसतं प्रिन्सली म्हटलं तर लोकांना राजवाड्याचा दरवाजा वाटेल.

रोहित, बी-१०४ (बेंगळुरू):
इथून वाचतोय. "टर्न-ऑफ-द-सेंच्युरी डोअरवे" कसं वाटतं? आर्किटेक्ट लोक वापरतात, छान दिसतं.

वैष्णवी, बी-३०१:
दादा, मला ते वाचून २००० साल वाटलं.

सर, सी-१०२:
वैष्णवीनं बरोबर पकडलं. शतकाचा सांधा म्हटल्यावर वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर स्वतःच्या आयुष्यातला सांधा येतो. रोहितला १९०० दिसतं, तिला २०००. पाटी आणखी पन्नास वर्षं राहणार, तेव्हाच्या पोरांना तर नक्कीच २००० दिसणार. मॉडर्न, रीसेंट, पोस्ट-वॉर ही सगळी विशेषणं याच जातीची. बोलणारा कधीचा आणि कुठला, हे माहीत असेल तरच कळतात. पोस्ट-वॉर म्हणजे १९४५ नंतर, असं इंग्रज न सांगता धरून चालतो. १९१८ ते १९३९ हा त्याचा इंटरवॉर काळ. त्याच मोजमापानं टिळकवाडीत १९२४ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेलं काँग्रेस अधिवेशन इंटरवॉर. बेळगावातला कोण माणूस त्याला दोन युद्धांच्या मधलं म्हणून ओळखतो?

अण्णा, बी-२०२:
मग एन्शंट लिहा, विषय संपला.

सर, सी-१०२:
एन्शंट म्हणजे प्राचीन, हजार-दीड हजार वर्षांपलीकडचं. किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, १२०४ ची, तिलासुद्धा प्राचीन म्हणताना अभ्यासक थांबतात, मध्ययुगीन म्हणतात. जुन्या वस्तूला अँटिक म्हणायला आपल्या १९७२ च्या कायद्यात सर्वसाधारणपणे शंभर वर्षांची अट आहे. ती आपली चौकट पार करते. पण अँटिक शब्दानं किंमत आठवते, काळ नाही.

रोहित, बी-१०४ (बेंगळुरू):
"हंड्रेड-इयर-ओल्ड"?

सर, सी-१०२:
व्याकरण चोख आहे, इयरला एस न लावल्याबद्दल विशेष आनंद. फाइव्ह-इयर प्लॅन, टू-वीक हॉलिडे, विशेषण झालं की अनेकवचन जातं. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत यावर सगळ्यात जास्त लाल शाई गेली असेल. पण वय दगडावर कोरू नये. दरवर्षी ते एकानं चुकत जातं. साल कोरावं.

सेक्रेटरी, ए-१०१:
सर, तुम्हीच ओळ द्या आता.

सर, सी-१०२:
"अर्ली ट्वेंटिएथ-सेंच्युरी डोअरवे, शहापूर, देन इन सांगली स्टेट, १९१२." अर्ली शब्दानं कुणाची गादी येत नाही, आणि सांगली स्टेट लिहिल्यानं गादी कुणाची होती ते लपतही नाही. ट्वेंटिएथ आणि सेंच्युरी यांच्यामध्ये छोटी रेघ हवी, कारण दोन्ही मिळून डोअरवेचं विशेषण आहे. कोरणाऱ्याला कागदावर ठळक काढून द्या, नाहीतर तो ती गाळणार.

काकू, ए-२०३:
आणि चौकटीवर आहे तो मूळ मजकूर मराठी ओळीखाली जसाच्या तसा द्या. आज सकाळी दिव्याची वात घेऊन खोबणीतला रंग काढत बसले होते. "शके १८३४ परिधावी नाम संवत्सरे वैशाख शु॥ ३". अक्षय्य तृतीयेला बसवलीय. परिधावीमधल्या धा चा काना कोरताना लाकूड जरा ढलपून गेलंय, तरी सुतारानं पुढचं अक्षर ओळीत आणलंय.

वैष्णवी, बी-३०१:
परिधावी म्हणजे काय?

सर, सी-१०२:
संवत्सराचं नाव. साठ नावं आहेत, फिरून फिरून येतात. इथं वर्षाला विशेषण लागलंय पण ते राजाचं नाही, पंचांगाचं. अडचण एवढीच की साठ वर्षांनी तेच नाव परत येतं. १९१२ परिधावी, १९७२ पण परिधावी. म्हणून शेजारी शके लिहितात.

काकू, ए-२०३:
बहात्तर म्हणजे दुष्काळाचं साल. तेव्हा घरात मिलो ज्वारी खाल्लेली आठवतेय, पण परिधावी होतं हे आज कळलं.

महांतेश, सी-३०१:
कन्नडमध्ये पण तीच नावं सर. आमच्या उगादीच्या पंचांगात असतात. तर ती ओळ दोन्ही भाषांना चालेल, मी कन्नड लिपीत पण काढून देतो.

सेक्रेटरी, ए-१०१:
ठरलं. कन्नड वर, मग मराठी, मग इंग्रजी, सगळ्यात खाली मूळ कोरीव ओळ. अक्षरं वाढली, पाटी दीड फुटाची दोन फूट करावी लागेल. जादाचा खर्च मेंटेनन्समधून घ्यायला कुणाची हरकत?

अण्णा, बी-२०२:
हरकत नाही. पण मराठी ओळीत आप्पासाहेबांचं नाव पण घाला. कुणाच्या राज्यात बांधला ते सांगायचंच तर पुरतं सांगा.

सर, सी-१०२:
अण्णा, अनुमोदन.