डिप्लोमसीत तह मोडणाऱ्याला दंड हवा का?

साष्टीकर
'डिप्लोमसी' या पटावरच्या खेळाच्या ठाणे-वाशीच्या टेबलांसाठी एक घरगुती नियम सुचवतोय. 'डिप्लोमसी'त (१९५९, अ‍ॅलन कॅलहॅमर) सात सत्ता, ३४ सप्लाय सेंटर (एका सेंटरवर एक युनिट, म्हणजे आर्मी किंवा फ्लीट, पोसता येतं), १८ झाली की जिंकलात. चालीच्या ऑर्डर सगळे गुपचूप लिहितात आणि एकदम उघडतात. फासा नाही आणि दिलेला शब्द पाळायचं बंधनही नाही. वाचायला झकास. पण खेळ १९०१ ला सुरू होतो, नवखा ऑस्ट्रिया १९०२ संपेपर्यंत चिरडला जातो आणि उरलेली दुपार सगळ्यांसाठी वडापाव आणत बसतो.

नियम असा: तह लेखी, दोघांच्या सह्या, कागद संचालकाकडे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याकडे. मुदत फार तर दोन वर्षं, म्हणजे चार चाली (वर्षाला स्प्रिंग आणि फॉल अशा दोन, मग विंटरला युनिटांची बांधणी). मजकुरात प्रांताचं नाव पाहिजेच. 'गॅलिशियात कोणी शिरायचं नाही' चालेल, 'आपण दोस्त' चालणार नाही. मोडला तर त्या विंटरला सेंटरच्या संख्येपेक्षा एक युनिट कमी. 'हिअर आय स्टँड' या दुसऱ्या पटावरच्या खेळात वाटाघाटीनंतर जाहीर केलेला तह बंधनकारक असतोच की. पुढचं नुसतं आश्वासन तेवढं नसतं.

पारसिक
साफ असहमत. त्यात पत्ते आहेत, फासे आहेत, नशीब आहे. इथे प्रत्येक युनिटची ताकद सारखीच. एकास एक भिडलं की बाउन्स, दोघं जागच्या जागी. कोंडी फुटते ती सपोर्टनं (दुसऱ्या युनिटनं जागेवरूनच जोर लावला की), नाहीतर कोणीतरी फिरल्यानं. रशिया-तुर्कस्तानला दोन वर्षांचा पक्का तह द्या आणि तुमच्या त्याच नवख्या ऑस्ट्रियाकडे बघा. पाठ राखायला दोघांनाही एक युनिटसुद्धा मागे ठेवावं लागणार नाही.

आणि 'मोडला' हे ठरवणार कोण? काळा समुद्र घ्या. स्प्रिंग १९०१ ला ठरतं: तुर्कस्तानचं अंकाराचं फ्लीट आणि रशियाचं सेव्हस्तोपोलचं, दोघांनी काळ्या समुद्राची ऑर्डर लिहायची, बाउन्स होईल, समुद्र मोकळा राहील. रशिया विसरला किंवा चुकीचं लिहिलं, म्हणजे होल्ड, फ्लीट जागेवरच. तुर्की फ्लीट समुद्रात! करारात होतं तेच त्यानं लिहिलंय. स्मर्नाची आर्मी त्याच चालीत आर्मेनियात पोचली असेल तर फॉलला आर्मेनियातून सेव्हस्तोपोलवर हल्ला, समुद्रातून सपोर्ट. दोनास एक. युक्रेन किंवा मॉस्कोतून सपोर्ट मिळाला तरच रशिया वाचतो. आता दंड कोणाला? धांदरटाला की प्रामाणिकाला?

खाडीपलीकडचा
आपल्याच साष्टी बेटाचं उदाहरण आहे. जानेवारी १७७९, वडगाव. कोंडीत सापडलेल्या इंग्रज फौजेनं साष्टीसकट मुलूख परत द्यायचं कबूल केलं, दोन ओलीसही ठेवले. मराठ्यांनी फौज जाऊ दिली. वरिष्ठ म्हणाले, सही करणाऱ्यांना अधिकारच नव्हता. लढाई चालूच राहिली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. युद्धात जिंकलं, तहात हरलं! दंड द्यायला संचालक नव्हता. चूक क्रमाची होती: आपण द्यायचं ते आधी दिलं, घ्यायचं ते उधार. १६६५ ला पुरंदरला जयसिंगानं २३ किल्ले पदरात पाडून घेतले, नुसत्या शब्दावर सोडलं नाही.

साष्टीकर
म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे. तारण हवं.

पारसिक
तारण हवंच, पण ते पटावर. इंग्लंड-फ्रान्स घ्या. फ्रान्सनं ब्रेस्टमध्ये फ्लीट बांधायचं नाही, मार्सेलला आर्मी बांधायची. इंग्लंडनं विंटरला एडिनबरोत आर्मी बांधायची. बेटावरच्या आर्मीला समुद्र ओलांडायला फ्लीट लागतं, त्यामुळे ती फ्रान्सवर लगेच उलटत नाही. विंटरची बांधणी सगळ्यांना उघड दिसते. ज्यानं ब्रेस्टला फ्लीट ठेवलं त्याच्याशी गोड बोलत राहा आणि लंडन राखा. सह्या कशाला?

घोडबंदर
दोघंही वेळ विसरलात. पहिल्या चालीला अर्धा तास, पुढे १५ मिनिटं. त्यातच करारनामा लिहायचा म्हटलं तर दोन-तीन जणांशी बोलणंच राहतं आणि ज्याचं अक्षर चांगलं तो जिंकतो.

साष्टीकर
बरं, युनिटचा दंड मागे घेतो. कागद मात्र ठेवू: एका खेळाडूला एका वर्षात एकच, चार ओळी. फॉलच्या ऑर्डर वाचून झाल्या की संचालकानं तो मोठ्यानं वाचायचा. शिक्षा नाही, फक्त सगळ्यांना कळेल.

पारसिक
हे चालेल. पण मग खोटा कागद देता येतो का? दोघांनी संगनमतानं, तिसऱ्याला फसवायला?

साष्टीकर
...येतो.

पारसिक
मग मी तयार आहे.