मानमोडी : घरच्या ग्रुपवरचा दीड महिना

'गर्लगुंजी घर' हा बेळगावकडच्या आमच्या घरचा ग्रुप. दादा, वहिनी आणि त्यांचा छोट्या गावी असतात, मी पुण्यात. एरवी त्यावर सकाळी गणपती आणि रात्री कुणाचा तरी वाढदिवस, एवढंच. यंदा म्हाई (गावची जत्रा) झाल्यावर आठ-दहा दिवसांनी कोंबड्यांच्या रोगाचं जे सुरू झालं, ते खाली आहे. फुलं, जोडलेले हात आणि आत्यानं पाठवून डिलीट केलेले मेसेज तेवढे काढलेत. आमच्याकडं बायकाही 'मी गेलो, मी केलो' म्हणतात, ते तसंच ठेवलंय.

रविवार, संध्याकाळ

वहिनी: कोंबड्या मराल्यात. काल एक, आज सकाळी दोन. आता तांबडी खुराड्याच्या तोंडाशी बसलीय, ती उठंना.

वहिनी: (फोटो)

मी: वहिनी, हात लावू नका! बर्ड फ्लू असेल. ही बातमी बघा.

काका (शहापूर): बातमी कधीची आहे बघितलास काय? २००६ ची, नवापूरची. पुण्यात बसून वीस वर्षांपूर्वीचं पेपर वाचतोस काय रे?

मी: बरं, चुकलं. पण २०२५ ला आपल्या कर्नाटकातही चिकबळ्ळापूर, बळ्ळारीकडं झालाच होता की.

आत्या (वडगाव): घाबरू नको गं. हळद आणि लसूण ठेचून वाटाण्याएवढी गोळी कर, चोच उघडून घाल. आमची आई तेच करायची.

काका (शहापूर): आणि आपल्या कोंबड्या दर उन्हाळ्याला मरायच्या, ते विसरलीस.

दाजी (चंदगड): वहिनी, गोळी राहू दे. आधी सांगा, हगवण कुठल्या रंगाची? तोंड उघडून श्वास घेतात काय? मान कशी धरतात? आणि अंडी?

वहिनी: हगवण हिरवी, पाण्यासारखी, त्यात पांढरं. शेपटीची पिसं चिकटून गेलीत. तांबडी मान लांब करून तोंड उघडती आणि घर्र घर्र आवाज करती. काळीची मान उलटी फिरलीय, बघतो तर आभाळाकडं तोंड. दाणा टाकला की चोच मारायला जाती आणि दाणा सोडून भलतीकडंच टोचती, मग गोल फिरून पडती. काल एक अंडं सापडलं, त्याला कवचच नाही. हातात घेतलो तर पाणी भरलेल्या फुग्यासारखं.

दाजी (चंदगड): राणीखेतच वाटतो. आपली मानमोडी. पण फोनवर बघून 'बर्ड फ्लू नव्हे' म्हणायची माझी हिंमत नाही. दोन्हीत कोंबड्या अशाच पटापट जातात. उद्या सकाळी १९६२ ला, जनावरांच्या फिरत्या दवाखान्याला फोन लावा, डॉक्टरांनी बघू दे.

वहिनी: औषधाच्या दुकानातनं पिवळी पावडर आणलो, पाण्यात घातलो.

दाजी (चंदगड): ती जंतूंवरची. हा विषाणू आहे, त्याला ती लागत नाही. वरनं दुसरं काही बाधलं तर तेवढ्यापुरता उपयोग. राणीखेतला औषध नाही वहिनी. लस होती, ती आधी द्यायची होती.

दाजी (चंदगड): आणि एक विचारतो. मेलेल्या कुठं टाकल्या?

वहिनी: छोट्याला सांगितलो होतो.

छोट्या: ओढ्याकडं

दाजी (चंदगड): पुरलास की टाकलास?

छोट्या: टाकलो

छोट्या: आता जातो खोरं घेऊन

छोट्या: एकच मिळाली. बाकीच्या दोन कुत्र्यानं नेल्या.

रविवार, रात्री

ताई (चंदगड): शुक्रवारी बारसं आहे. दादा-वहिनी येणार ना?

दाजी (चंदगड): वाईट वाटून घेऊ नका. दादा-वहिनींनी येऊ नये. छोट्यानंही.

ताई (चंदगड): हे काय ग्रुपवर बोलायचं असतंय?

दाजी (चंदगड): ग्रुपवरच बोलतो, म्हणजे सगळ्यांना कळंल. घराला लागून शेड आहे, आत चार हजार पक्षी. विषाणू चपलेच्या तळव्याला, मोटारसायकलच्या टायरला, लुगड्याच्या काठाला लागून येतो. राणीखेतनं माणसाला काही होत नाही, फार तर डोळे लाल होतात चार दिवस. पण त्याच माणसाच्या पायानं माझी अख्खी बॅच जाईल. लस दिलीय, तरी मी ती परीक्षा घेणार नाही.

दादा: दाजीचं बरोबर आहे. आम्ही येत नाही. बाळाचं नाव फोनवर सांगा.

(यानंतर ताईचा दोन दिवस एकही मेसेज नाही.)

सोमवार

वहिनी: गाडी आली होती. डॉक्टरांनी तांबडीला कापून बघितलं. मलाही दाखवलं. पोटाच्या थैलीच्या आधी एक छोटी थैली असती, ती उलटी केली तर आतनं दाणेदार, आणि त्या प्रत्येक दाण्याच्या टोकाला रक्ताचा ठिपका. टाचणीच्या टोकाएवढा. म्हणाले, 'हक्की ज्वर अल्ला, कोक्करे.'

आत्या (वडगाव): म्हणजे काय गं?

छोट्या: हक्की ज्वर म्हणजे बर्ड फ्लू. अल्ला म्हणजे नव्हे. कोक्करे म्हणजे करकोचा, बगळ्यासारखा. कन्नडमध्ये राणीखेतला कोक्करे रोग म्हणतात.

मी: आणि मी चिठ्ठीचा फोटो बघून 'कोळी' वाचून बसलो. म्हटलं, कोळ्याला काय झालं!

छोट्या: काका, कोळी म्हणजे कोंबडी

वहिनी: तरी नमुना पाठवलाय. रिपोर्ट येईपर्यंत काही विकायचं नाही, कापायचं नाही, कुणाकडं द्यायचं नाही.

काका (शहापूर): नावांची गंमत बघा. इंग्लंडात न्यूकॅसलला १९२६ साली सापडला म्हणून तिकडं न्यूकॅसल. आपल्याकडं कुमाऊँच्या डोंगरात राणीखेतला दिसला म्हणून राणीखेत. आणि मानमोडी तर माणसालाही झालेली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला मानमोडीच म्हणायचे. माझी आजी त्या वर्षाचं नाव निघालं की कोपऱ्यात जाऊन बसायची.

आत्या (वडगाव): हे सगळं ठीक, कोंबड्यांचं काय?

काका (शहापूर): कोंबड्यांचं दाजी सांगतील. मी नावांचं सांगितलो.

मंगळवार

दादा: टेम्पोवाला दारात उभा आहे. उभ्या असलेल्या १२ आहेत. तीनशेनं घेतो म्हणतोय. ३६०० होतात. छोट्याच्या फीचं निघंल.

दाजी (चंदगड): दादा, नको.

दादा: नाहीतर उद्या मरणारच आहेत की. मग खड्ड्यात घालून काय मिळणार?

मी: कायद्यानंही चालत नाही बहुतेक, रिपोर्ट यायचाय.

दादा: तू कायदा सांगू नको. इथं येऊन बघ.

वहिनी: मी जरा बोलतो. म्हाईच्या आधी दोन तलंगा (कोवळ्या कोंबड्या) घेतलो होतो ना मी, फिरत्या टेम्पोवाल्याकडनं. स्वस्त दिली. घरी आणून सरळ आपल्यात सोडलो. त्यातली एक पाचव्या दिवशी गळून बसली. मी म्हटलो, ऊन लागलं असंल. तीच पहिली मेली. टेम्पोवाल्याला ज्यानं त्या विकल्या, त्याच्याही दारात असाच कुणीतरी फीचा हिशोब घालत बसला असंल. मी टेम्पोवाल्याला जा म्हणून सांगितलो. तुमचे भाऊ परड्यात जाऊन बसलेत.

दाजी (चंदगड): वहिनी, झालं ते झालं. आता मोठा खड्डा काढा, तीन-चार फूट. विहिरीपासून लांब. खाली चुना, मग पक्षी, वर परत चुना, मग माती, आणि वर दगड. कुत्रं उकरंल नाहीतर. विष्ठा, पिसं, खुराड्यातलं तूस, सगळं त्यातच.

आत्या (वडगाव): ज्या धडधाकट आहेत त्या कापून खाल्ल्या तर? शिजवल्यावर काय राहतंय?

दाजी (चंदगड): शिजवल्यावर विषाणू मरतो, खरं आहे. पण कापताना रक्त, पिसं, आतडी अंगणभर. आणि रिपोर्ट आलेला नाही. तेवढं तोंडाला कुलूप लावा आत्या.

आत्या (वडगाव): मी कुठं खाल्लो? विचारलो फक्त.

वहिनी: आणखी एक. शेजारच्या काकूंना सांगू का नको? त्यांच्या कोंबड्या आमच्याच उकिरड्यावर येतात. सांगितलं तर म्हणतील, यांनीच आणलं.

मी: ते खरंच आहे ना, पण.

दाजी (चंदगड): आजच सांगा. त्यांना आठ दिवसांनी कळण्यापेक्षा आज कळलं तर निदान कोंबड्या डांबून तरी ठेवतील.

वहिनी: गेलो. सांगितलो. पहिल्यांदा बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, त्यांची खुडूक (अंड्यांवर बसलेली) कोंबडी कालपासून दाणा घेत नाही.

पुढच्या आठवड्यात, तुटक तुटक

वहिनी: आज ३.

वहिनी: पिल्लं ५ गेली. डालग्याखाली झाकून ठेवली होती, तिथंच.

दाजी (चंदगड): आजारी आणि बऱ्या वेगळ्या ठेवा. बऱ्यांचं दाणापाणी आधी करायचं, आजाऱ्यांचं नंतर. उलटं नको. हात साबणानं.

छोट्या: खुराडं मोडून उन्हात घातलंय. खालची माती चार बोटं काढली. चुना मारला.

वहिनी: काळी अजून आहे. मान वाकडीच. पसरट ताटात दाणा ठेवला तर सापडंना, म्हणून उभ्या काठाची वाटी ठेवलो. काठाला चोच लावून लावून खाती.

दाजी (चंदगड): जगंल कदाचित. मान मात्र तशीच राहील. वेगळीच ठेवा, बरी दिसली तरी काही दिवस विषाणू टाकत राहते.

छोट्या: रिपोर्ट आला. हक्की ज्वर नाही.

काका (शहापूर): चला. नाहीतर एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्यांच्या कोंबड्या मारल्या असत्या, आणि गल्ली आपल्याशी जन्मभर बोलली नसती.

वहिनी: हिशोब सांगतो. मोठ्या २२ होत्या, १४ गेल्या. पिल्लं ११, ९ गेली. शेजारच्या काकूंच्या १० तल्या ७.

ताई (चंदगड): वहिनी, मी फोन करतो रात्री. बारशाचे फोटो पाठवलो नव्हतो.

तीन आठवड्यांनी

मी: दाजी, एक कळत नाही. लस इतकी साधी आहे, तर गावात कुणी देत का नाही?

दाजी (चंदगड): कारण बाटली १०० डोसची येते आणि घरात कोंबड्या १२ असतात. लस जिवंत असते, बर्फात ठेवायची, आणि एकदा पाण्यात मिसळली की दोन तासांत संपवायची. उरली ती फेकायची. बारा कोंबड्यांसाठी बाटली फोडायला कुणाचं मन होणार? माझ्या शेडला काय, एका सकाळी हजार हजारच्या बाटल्या संपतात. मोठ्या शेडचं सगळं त्या मापानं केलेलं. परसातल्या कोंबडीला कुणी मोजलेलंच नाही.

वहिनी: मग गल्लीनं मिळून एक बाटली घेतली तर?

दाजी (चंदगड): तेच म्हणतोय. पण एका दिवशी सगळ्यांनी. एका घरानं केलं आणि दहा घरांनी नाही केलं तर ओढ्याकाठी परत तेच.

दादा: भिशीसारखं.

(दादाचा त्या महिन्यातला हा पहिला हलका शब्द.)

वहिनी: डॉक्टरांना विचारलो. सुईची लस, आर टू बी, आठ आठवड्यांच्या वरच्यांना. लहान पिल्लांना ती चालत नाही, लसच बाधती. पिल्लांना दुसरी लस, लासोटा, पाचव्या-सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब, मग महिन्यानं परत एक. आजारी असंल तिला काहीच द्यायचं नाही. आणि आठवडाभर आधी जंताचं औषध.

आत्या (वडगाव): डोळ्यात थेंब! माणसालासुद्धा घालायला दोघं धरावी लागतात.

काका (शहापूर): ती सुईची लस आपल्याच देशात मुक्तेश्वरला तयार झालेली आहे. राणीखेतपासून फार लांब नाही.

आत्या (वडगाव): झालं यांचं सुरू.

लशीच्या दिवशी

छोट्या: ९ घरं, ७१ कोंबड्या. रात्रीच सगळ्यांनी डालग्याखाली झाकल्या होत्या, म्हणून सकाळी धरायला पळापळ नाही. ५० एमएल सलाईनमध्ये बाटली मिसळली, पंखाजवळ कातडीखाली अर्धा अर्धा एमएल. दवाखान्यातल्या काकांनी टोचलं, मी पायाला निळी शाई लावत गेलो. एकही दोनदा नाही, एकही सुटली नाही.

छोट्या: म्हणजे एक सुटली. ती फणसावर होती. नंतर धरली.

वहिनी: पलीकडच्या घरच्यांनी तीन आठवड्यांची पिल्लं पण आणली होती सुईला. परत पाठवावी लागली, रागावले. त्यांना थेंबाच्या दिवशी बोलावलंय.

मी: काळीला दिली?

वहिनी: नाही. डॉक्टर म्हणाले, तिला होऊन गेलाय, गरज नाही. ती वाटीपाशी बसून बघत होती. म्हणजे, तोंड वर होतं, कुठं बघत होती देवाला ठाऊक.

ताई (चंदगड): आता तरी आमच्याकडं या.

दाजी (चंदगड): या. चप्पल फाटकाबाहेर काढा आणि शेडकडं जाऊ नका. चहा घरातच देतो.

दादा: नव्या तलंगा कधी आणायच्या?

दाजी (चंदगड): खुराडं रिकामं ठेवून महिना झालाय, आणा आता. पण लस दिलेल्याच आणा, आणि आणल्यावर पंधरा दिवस गोठ्याच्या त्या बाजूला वेगळ्या. आपल्यात सोडायच्या नाहीत.

वहिनी: टेम्पोवाल्याकडनं नाही आणणार.

वहिनी: भावजी, तुम्ही मे महिन्यात येताना मोठ्या तोंडाचा थर्मास घेऊन या. यावेळी बर्फ आइस्क्रीमच्या डब्यातनं आणलो, निम्मा वाटेतच वितळला. पिल्लांचा दुसरा थेंब त्याच आठवड्यात येतोय.

मी: आणतो. किती लिटरचा?

वहिनी: बाटली बसंल एवढा. आणि वर बर्फ.