डोक्याला मार लागल्यापासून ह्यांना समोरच्याचं मन कळंना

आठ महिन्यांपूर्वी होटगी रोडला गाडीवरनं पडले, कपाळाला मार. चालणं बोलणं ठीक हाय पण परवा सासूबाई रडत होत्या आणि हे शेंगाचटणी मागत बसले ओ, मुद्दाम करत्यात का?

उत्तर: ताई, मुद्दाम नाही. मेंदूचा कपाळामागचा भाग, फ्रंटल लोब म्हणतात त्याला, समोरच्याचं मन ओळखणं सांभाळतो. १८४८ साली अमेरिकेत फिनिअस गेजच्या डोक्यातनं लोखंडी पहार आरपार गेली, माणूस वाचला पण स्वभाव बदलला. माझ्या भावाचं पण असंच झालतं, आम्ही वर्षभर त्याच्याशी भांडत बसलो, त्याचं आजपण वाईट वाटतं. न्यूरोसायकॉलॉजिस्टला, म्हणजे मेंदू आणि वागणं तपासणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा.

उत्तर: मी स्पीच थेरपिस्ट. मालिका आवाज बंद करून सोबत बघा, कोण चिडलंय, कशावरनं कळलं ते विचारा, रोज दहा मिनिटं पुरे. चारचौघात थांबवायला हाताचा एक इशारा ठरवा. टोमणे मारू नका, मेंदूच्या दुखापतीनंतर बऱ्याच जणांना टोमण्याचा अर्थच लागत नाही, सरळ "मला वाईट वाटलं" म्हणा. आणि गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत इतक्यात नेऊ नका, आधी एकदोन पाहुणे, ते पण थोडा वेळ.

ताई: इशारा आज करून बघितला, लगेच गप बसले. टोमण्याचं माहीतच नव्हतं ओ, आठ महिने मी तेच करत होते.