डॉपलरच्या रिपोर्टमधला ‘मोनोफेजिक फ्लो’ म्हणजे काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही निपाणीचे. आप्पा ६८ वर्षांचे, हयात तंबाखूच्या वखारीत गेली, विडी अजून सुटलेली नाही. डायबेटिस आहे. हल्ली चालताना उजवी पोटरी भरून येते. घरातून निघाले की पानपट्टीपाशी थांबतात, पाऊसपाण्याचं बोलतात, दोन मिनिटांत दुखणं थांबतं की पुढं निघतात. पिठाच्या गिरणीपाशी पुन्हा तेच.

बेळगावात पायांच्या धमन्यांचा डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केला. रिपोर्टनुसार उजव्या मांडीत ‘ट्रायफेजिक फ्लो’, गुडघ्याखाली ‘मोनोफेजिक फ्लो’, डाव्या पायात सगळीकडे ‘बायफेजिक’. डॉक्टर सोमवारी भेटणार. तोवर घरात प्रत्येकाचं वेगळंच. काका म्हणतात, फ्लो लिहिलाय म्हणजे रक्त चालू आहे. मेव्हणा म्हणतो, नस बंद पडली. शेजारी व्हेरिकोज व्हेनचे घट्ट मोजे घ्या म्हणतात. आप्पा वात समजून रोज रात्री तेल चोळून गरम पाण्याच्या पिशवीनं शेकतात. रक्त थांबलंय की कमी झालंय? आणि डावा पायही बिघडलाय का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

मी डॉपलर विभागात काम करते. आधी पिशवी आणि मोजे, कारण ते आजच थांबवायला हवं. डायबेटिसमध्ये पावलाला चटका कळत नाही आणि रक्त कमी असेल तर भाजलेली जखम भरत नाही. व्हेरिकोजचा त्रास शिरांचा, हा धमन्यांचा. घट्ट मोज्यांनी आहे तो पुरवठाही दाबला जाईल.

आता शब्द. निरोगी पाय आरामात असताना प्रत्येक ठोक्याला स्क्रीनवर तीन हालचाली दिसतात: रक्त जोरात पुढे, क्षणभर मागे, मग थोडं पुन्हा पुढे. हे ट्रायफेजिक. आरामात स्नायूंच्या बारीक धमन्या आवळलेल्या असतात, म्हणून रक्त मागे उसळतं. वर कुठे धमनी अरुंद झाली की खालचे स्नायू रक्तासाठी त्या बारीक वाटा सतत उघड्या ठेवतात. मग मागची उसळी जाते आणि एकच बुटका, पसरट उंचवटा उरतो. तो मोनोफेजिक. म्हणजे रक्त पोचतंय, पण दाब आणि जोर घटलाय. तुमच्या आप्पांची अडचण बहुधा मांडीच्या खालच्या भागात किंवा गुडघ्यामागे असावी. चालताना पोटरीला जास्त रक्त लागतं, ते मिळत नाही, म्हणून थांबावं लागतं.

डाव्या पायाच्या बायफेजिकची, म्हणजे पुढे आणि मागे अशा दोनच हालचालींची, एवढी धास्ती नको. २०२० पासून व्हॅस्क्युलर संस्थांनी बायफेजिक आणि ट्रायफेजिक दोन्हींना ‘मल्टिफेजिक’ हा एकच शब्द सुचवलाय.

सोमवारी एबीआय विचारा: घोट्यापाशी मोजलेल्या रक्तदाबाचा वरचा (सिस्टॉलिक) आकडा भागिले दंडाचा वरचा आकडा. ०.९ किंवा कमी आला तर धमन्यांचा आजार धरतात. डायबेटिसमध्ये धमन्या कडक होऊन आकडा फसवा, १.४ च्या वर येऊ शकतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात.

रात्री झोपेत पाऊल दुखलं, बोट काळं पडलं किंवा पाय अचानक गार आणि पांढरा झाला तर सोमवारची वाट पाहू नका.

धागाकर्ता

मनापासून आभार ताई. पिशवी आईनं ताब्यात घेतलीय. पाऊल नीट पाहिलं, जखम नाही. विडीचं मात्र अवघड आहे, वखारीतली सगळी दोस्तमंडळी ओढणारी. निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागात कुणाच्या घरच्यांनी या वयात सोडली असेल तर कशी, ते जरूर लिहा.