किरुना: नगरपालिका आणि शहराचे स्थलांतर

स्वीडनमधील किरुना हे शहर खाणीमुळे हलवावे लागत आहे, आणि हा निर्णय सरकारी खाणकंपनीनेच घेतला, असे म्हटले जाते. त्यात थोडी भर घालतो. किरुना ही क्षेत्रफळाने स्वीडनमधील सर्वांत मोठी नगरपालिका असून नॉर्वे व फिनलंड या दोन्ही देशांच्या सीमांना ती भिडते. केब्नेकाइसे हे देशातील सर्वोच्च शिखर आणि टोर्नेट्रेस्क हे लांबलचक सरोवर तिच्याच हद्दीत आहे. एवढ्या प्रदेशात लोकवस्ती मात्र जेमतेम बावीस-तेवीस हजार.

स्वीडनमध्ये जमिनीच्या वापराचे आराखडे मंजूर करण्याचा अधिकार नगरपालिकेकडे असतो. त्यामुळे खाणीने जमीन खचू लागल्यावर भरपाईचा भार कंपनीवर आला, तरी नवे शहर कुठे व कसे वसवायचे, हे दर चार वर्षांनी निवडून येणाऱ्या नगरपरिषदेने ठरवले. अर्थात, गावातला मुख्य रोजगारच खाणीचा असल्यावर हे स्वातंत्र्य कितपत खरे, ही शंका रास्तच आहे. नवे नगरभवन २०१८ मध्ये सुरू झाले. जुन्या इमारतीवरचा लोखंडी घड्याळमनोरा उतरवून आता नव्या नगरभवनाच्या शेजारीच उभा केला आहे. लाकडी चर्च ऑगस्ट २०२५ मध्ये अखंड उचलून, दोन दिवसांत सुमारे पाच किलोमीटर हलवले गेले.